मृगाच्या आत

१८ मे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुलाचं काम अखेर सुरू झालं. फोनवर सांगितलं असतं, पण ते दोन मिनिटांत मावणारं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

गेले तीन आठवडे मी रोज सकाळी नदीवर जातो. मधल्या कमानीला परांची बांधली आहे. आपण ज्याला लोंबकळायचो तो पिंपळ काढला. दरवर्षी फांद्या तोडून आपण समाधान मानत होतो आणि मुळं आत जाड होत होती. एक मूळ माझ्या मनगटाएवढं निघालं. त्याने दोन दगड जागचे हलवले होते. ते उतरवून पुन्हा बसवावे लागले.

दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायला एक म्हातारे गवंडी आले आहेत. दगडावर हातोडी मारतात आणि कान लावतात. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर खडूची खूण. मागे एका ठेकेदाराने दरजांवर सिमेंट थापलं होतं, ते सगळं छिन्नीने काढायला लावलं. त्यांचं म्हणणं, चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं आणि मागचा जुना चुना भुगा होतो. आता चुना आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, वापरतात. चुना सावकाश धरतो, म्हणून दिवसभर ओली गोणपाटं टांगलेली असतात. वरून डांबराचे थरावर थर चढले होते, तेही खरवडले. त्या थरांनी कमानींवर फुकटचं ओझं टाकलं होतं आणि पाणी जायची भोकंही बुजवली होती.

पण दत्ता, माझी झोप उडवली ती पायाने. पुरात पाणी खांबावर आदळतं, तिथून खाली वळतं आणि तळ उकरतं. पूर ओसरला की तो खड्डा गाळाने भरून जातो. उन्हाळ्यात बघावं तर सगळं जागच्या जागी! आपण इतकी वर्षं मे महिन्यात पूल बघून तो ठणठणीत आहे म्हणत आलो. त्यात वाळूचा उपसा. यंदा मातीचा बांध घालून पाणी वळवलं, गाळ काढला, तेव्हा दुसऱ्या खांबाच्या पायाखाली माझा अख्खा हात आत गेला. तिथे आता काँक्रीट भरताहेत आणि भोवती मोठे दगड जाळीत बांधून टाकणार आहेत.

हात आत गेला तेव्हा मला सावित्री नदी आठवली. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि राजापूर-बोरिवली, जयगड-मुंबई या दोन्ही एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याच पुलावरून आपण किती वेळा झोपेत मुंबई गाठली असेल. पुढे तिथला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. इतकी घाई आपल्याला करता येते, तर वर्षातून एकदा जुन्या पुलाच्या पायाशी उतरून बघणं का होत नाही? हे मी ग्रामसभेत उठून बोललो. आवाज चढला माझा, पण त्याचं वाईट वाटत नाही.

पंधरा दिवस वाहतूक बंद आहे. पोरं शाळेला सुट्टी म्हणून सुटली, पण आजारी माणसाला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं तर लांबून वळसा घालावा लागतो. तरी कुणी कुरकुरत नाही. मृगाच्या आत पायाचं काम उरकलं पाहिजे, एवढंच सगळ्यांच्या तोंडी आहे.

आता तुझ्याकडे एक काम. दहावीच्या निरोपाला पुलाखाली काढलेला आपला फोटो तुझ्या आईच्या ट्रंकेत आहे. त्यात आपल्या मागे दुसरा खांब दिसतो. वाळूच्या वर दगडांच्या किती रांगा आहेत त्या मोज. आज मी मोजल्या, सतरा भरल्या. नदीचा तळ तेव्हापासून किती खाली गेला, हे इथल्या इंजिनिअरला त्यावरून कळेल. त्याला हे गावात कुणीच सांगू शकलं नाही. फोटो मोबाइलवर पाठव, पण आधी आकडा फोनवर सांग, रात्री कितीही वाजले तरी.

तुझा,
विनू