सूचना: ब्रॉयलर खाद्यात गहू वापरताना एन्झाइमची निवड

नाशिक जिल्ह्यातील सर्व ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्या) उत्पादक सभासदांना कळविण्यात येते की, मक्याच्या जागी काही प्रमाणात गहू वापरायचा असल्यास खाद्यात झायलनेज एन्झाइम (पचनास मदत करणारा घटक) अवश्य मिसळावे. कारण गव्हातील अरॅबिनोझायलन हा तंतुमय पदार्थ, जो झायलनेज तोडते, आतड्यातील द्रव चिकट करतो, त्यामुळे पचन मंदावते, विष्ठा ओली पडते आणि शेडमध्ये अंथरलेले भाताचे तूस भिजून पक्ष्यांच्या तळपायांना जखमा होतात. लहान पिलांना हा त्रास अधिक होतो. बार्लीसाठी मात्र बीटा-ग्लुकनेज हे वेगळे एन्झाइम लागते. फायटेज हे एन्झाइम वापरत असल्यास धान्यातील बांधलेला फॉस्फरस मोकळा होतो, म्हणून डीसीपीचे (फॉस्फरस पुरवणाऱ्या डायकॅल्शियम फॉस्फेटचे) प्रमाण आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने कमी करावे. पेलेट (वाफ देऊन दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) तयार करणाऱ्यांनी एन्झाइम उष्णता सहन करणारे असल्याची खात्री खरेदीपूर्वीच करावी. साधे एन्झाइम वाफेच्या उष्णतेत निकामी होते, आणि याच बाबीकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. भरड खाद्यात एन्झाइमची पावडर थेट न टाकता ती आधी थोड्या भरड्यात एकजीव करून घ्यावी.