पोचल्याची खूण दिसते, निरोप मात्र पोचत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर वीज गेली की मागोमाग मोबाइलची रेंजही जाते. अशा वेळी मेशटॅस्टिक या सॉफ्टवेअरवर चालणारी, लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओ तंत्राने बोलणारी छोटी यंत्रे (नोड) उपयोगी पडतात. भारतात ती ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात आणि एकमेकांचे निरोप पुढे ढकलतात. निरोप मिळाला नाही की दोष अँटेनाला, नाहीतर मधल्या डोंगराला दिला जातो. आधी चावी, म्हणजे निरोप कुलूपबंद करणारा आणि उघडणारा गुप्त संकेत, तपासावी, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

गोंधळाचे मूळ ॲपमधल्या पोचपावतीत आहे. गटाच्या चॅनलवर ती खूण दिसली तर कोणत्या तरी नोडने निरोप पुढे पाठवला, एवढाच तिचा अर्थ. ज्याच्याकडे चावी नाही असा नोडही कुलूपबंद निरोप पुढे पाठवतो, त्यामुळे खूण उमटते आणि वाचलेला मात्र कुणीच नसतो.

चॅनल जुळण्यासाठी चावी आणि नाव दोन्ही तंतोतंत एक लागतात. नावात लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक किंवा शेवटी राहिलेली मोकळी जागाही चालत नाही. नावाची मर्यादा ११ बाइटची आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. ‘फोंडा’ लिहायला काना-मात्रा-अनुस्वार धरून १५ बाइट लागतात, म्हणजे ते बसतच नाही. मराठीचा आग्रह इथे सोडावा. इंग्रजी लिपीत, सगळी लहान अक्षरे ठेवावीत. ३२ बाइटची चावी ४४ अक्षरांची होते. ती हाताने टंकू नये, समोरासमोर क्यूआर कोडने द्यावी. कोड स्कॅन केल्यावर ॲप ‘ॲड’ की ‘रिप्लेस’ विचारते. घाईत ‘रिप्लेस’ दाबले की आधीचे सगळे चॅनल पुसले जातात.

याहून फसवी चूक म्हणजे मुख्य चॅनलचेच नाव बदलणे. फ्रीक्वेन्सी स्लॉट (पट्ट्यातला नेमका कप्पा) शून्यावर ठेवलेला असेल तर कोणत्या स्लॉटवर बोलायचे हे यंत्र त्याच नावावरून ठरवते. लाँगफास्ट या मूळच्या रेडिओ सेटिंगमध्ये भारताच्या पट्ट्यात असे ८ स्लॉट पडतात. नाव बदलले की नोड दुसऱ्या स्लॉटवर जातो, मग इतरांना त्याचा आवाजही येत नाही. योगायोगाने दोन नावे एकाच स्लॉटवर पडली तर सगळे ठीक वाटते, आणि तपासणारा आणखीच चक्रावतो. म्हणून मुख्य चॅनल मूळ स्थितीत ठेवून गटाचा खासगी चॅनल दुसऱ्या क्रमांकावर घ्यावा. मूळ चावी जगजाहीर आहे, तेव्हा खासगी बोलणे पहिल्यावर नकोच.

तपासताना आधी नोडच्या यादीत समोरचा अलीकडे ऐकू आला का ते पाहावे. नोड आपली ओळख (नाव वगैरे) इतरांना आपोआप साधारण दर ३ तासांनी पाठवतो, म्हणून वाट न पाहता ॲपमधून ती मागून घ्यावी. तो दिसतो पण गटाचा निरोप येत नाही, तर चावी किंवा नाव चुकले. दिसतच नाही, तर रीजन (देशाच्या पट्ट्याची सेटिंग), लाँगफास्ट आणि स्लॉट पाहावेत, अँटेना त्यानंतर.

एकास एक निरोपांची गोष्ट वेगळी. फर्मवेअर (यंत्रातले मूळ सॉफ्टवेअर) २.५ पासून प्रत्येक नोडची स्वतःची चाव्यांची जोडी असते: सार्वजनिक चावी इतरांना द्यायची, खासगी स्वतःपाशी ठेवायची. कुणी फॅक्टरी रिसेट केला की नवी जोडी बनते, इतरांकडे जुनी सार्वजनिक चावी उरते आणि त्या नावाशेजारी लाल चावी दिसते. तो नोड यादीतून काढून ओळख पुन्हा मागितली की काम होते. पण त्याआधी त्या माणसाला विचारावे. त्याने रिसेट केलेच नसेल तर त्याच्या नावाने दुसराच कुणी बोलत असू शकतो.

एका यंत्राचा बॅकअप दुसऱ्यात जसाच्या तसा ओतला तर दोघांची खासगी चावी एकच होते. विक्रेत्यांकडून आलेल्या काही यंत्रांतही असे झाल्याचे २०२५ मध्ये उघड झाले, फर्मवेअर २.६.११ पासून अशा सामायिक झाल्याचे माहीत असलेल्या चाव्यांबद्दल इशारा मिळतो. नवे यंत्र घेतल्यावर आधी फर्मवेअर अद्ययावत करावे, चाव्या नव्याने बनवाव्यात, सिक्युरिटी सेटिंगमधून त्या एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवाव्यात आणि मगच क्यूआर वाटायला बसावे.

– एक रेडिओछंदी वाचक, फोंडा