बरा झालेला माणूस राहणार कुठे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मानसिक आजार आणि व्यसनमुक्ती या विषयांवर आपल्या दैनिकात वरचेवर लेख येतात. लाज न बाळगता उपचार घ्या, कुटुंबाने पाठीशी उभे राहावे, असे त्यांत सांगितलेले असते आणि ते योग्यच आहे. मात्र उपचार पूर्ण झालेल्या माणसाने दुसऱ्या दिवसापासून राहायचे कुठे, हा प्रश्न त्या लेखांत क्वचितच येतो. गेली तीन वर्षे मी नागपुरात या एकाच प्रश्नामागे फिरतो आहे, म्हणून हे पत्र.

माझा धाकटा भाऊ चव्वेचाळीस वर्षांचा आहे. त्याला बायपोलर हा, कधी कमालीचा उत्साह तर कधी खोल नैराश्य आणणारा, मानसिक आजार आहे आणि त्याच्या जोडीला पंधरा वर्षे दारू होती. ही दोन्ही दुखणी एकत्र असलेल्या माणसाची कशी फरपट होते, ते ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनाच कळेल. एका व्यसनमुक्ती केंद्राने ‘आधी डोक्याचा इलाज करून आणा’ म्हणून परत पाठवले आणि एका रुग्णालयाने ‘आधी दारू बंद करा, मग पाहू’ असे सांगितले. अखेर दोन्हींकडे एकत्र पाहणारे डॉक्टर भेटले, महिनाभर त्याला दाखल करून घेतले आणि तो खरोखरच सुधारला. सुटी झाली तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी होती. तिच्यात दोन शर्ट, कागदपत्रांची फाइल आणि गोळ्यांचा डबा होता. डब्याच्या खणांवर सिस्टरने पेनाने ‘स’, ‘दु’, ‘रा’ अशी अक्षरे लिहून दिली होती. ती पिशवी घेऊन तो ज्या खोलीत परतला, तिच्या खिडकीतून समोरचा पानठेला दिसतो आणि पानठेल्याला लागून देशी दारूचे दुकान आहे. संध्याकाळ झाली की जुनी मंडळी खालून त्याच्या नावाने हाक मारीत. तो सहा आठवडे टिकला. लोक म्हणाले, इतका खर्च करून शेवटी वाया गेला. मला मात्र तो सहा आठवडे टिकला कसा, याचेच आश्चर्य वाटते.

दुसऱ्यांदा तो बरा झाला, तेव्हा आम्ही वेगळी खोली शोधायला घेतली. मानेवाड्याच्या पुढच्या एका लेआउटमध्ये खोली पसंत पडली, किराया ठरला, टोकनही दिले. सामान पाहायला आलेल्या घरमालकांची नजर गोळ्यांच्या डब्यावर गेली. कशाच्या गोळ्या आहेत, असे त्यांनी विचारले आणि भावाने खरे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः घरी आले, टोकनचे पैसे मोजून परत दिले, चहाही घेतला आणि म्हणाले, ‘भाऊ, तुमचं समजतं मला, पण आमच्या घरात लेकरं आहेत.’ त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. त्यानंतरच्या चार ठिकाणी एवढाही सभ्यपणा वाट्याला आला नाही.

कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले आहे. 2017 साली संसदेने मंजूर केलेला आणि 2018 मध्ये अमलात आलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांनाही मानसिक आजारात धरतो. त्याच्या 19 व्या कलमानुसार प्रत्येक रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे. त्याला कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून त्याला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही, आणि ज्यांना रुग्णालयाची गरज उरलेली नाही त्यांच्यासाठी अर्धमार्गी गृहे (रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या टप्प्यावरची निवासस्थाने) व समूह निवास उभारण्याची किंवा त्यांना पाठबळ देण्याची जबाबदारी सरकारवर आहे. मुदतीच्या जागी मात्र ‘वाजवी कालावधीत’ एवढेच शब्द आहेत, आणि सरकारी ‘वाजवी’ किती लांबू शकते हे आपण नागपूरकर जाणतोच.

सोय नसली की काय होते, हेही एकदा न्यायालयासमोर आले आहे. आपल्या राज्यात मनोरुग्णांना रुग्णालयांतून भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याबद्दल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीव्र नापसंती व्यक्त केली आणि हे कायद्याच्या विरुद्ध असल्याचे बजावले. राज्यात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. आपल्या शहरातील रुग्णालय तर इंग्रजी अमदानीपासूनचे, आणि त्याच्या जवळच्या चौकाला लोक अजूनही सर्रास ‘पागलखाना चौक’ म्हणतात. आपण कुठून आलो हे ऑटोवाल्याला सांगतानाही ज्या माणसाला हाच शब्द उच्चारावा लागतो, त्याला किरायाची खोली किती सहज मिळेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

‘त्याला घरच्यांनीच सांभाळावे’ हा सल्ला देणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. 1950 च्या दशकात लंडनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेले रुग्ण भावंडांकडे किंवा किरायाच्या जागेत गेलेल्या रुग्णांपेक्षा अधिक प्रमाणात पुन्हा आजारी पडलेले आढळले. सततची टीका आणि अति काळजी हे दोन्ही रुग्णाला झेपत नाही, असे पुढच्या संशोधनातून दिसून आले. आमच्या आईच्या मायेत काही कमी नव्हती. ‘गोळी घेतली का?’ हा प्रश्न मात्र ती दिवसातून आठ वेळा विचारत असे आणि नवव्या वेळी भाऊ घराबाहेर पडत असे.

विदर्भात दारूवर बोलायचे म्हटले की गाडी दारूबंदीवर जाते. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. बंदी असावी की नसावी यावर आपण इतकी वर्षे भांडलो, परंतु ज्याने दारू सोडली तो आज रात्री कुठे झोपणार, याचा विचार दोन्हीपैकी एकाही बाजूने केल्याचे मला आठवत नाही.

मी ज्या घराविषयी बोलतो आहे, ते काही नवलाचे नाही. साध्या वस्तीत किरायाने घेतलेले दोन-तीन खोल्यांचे घर, त्यात चार-पाच माणसे, स्वयंपाक आणि झाडलोट वाटून घेतलेली. आठवड्यातून काही वेळा येणारा, गोळ्यांवर आणि झोपेवर लक्ष ठेवणारा, पोलिसांकडून पोलीस पडताळणी आणि बँकेतून खाते करून देणारा एक प्रशिक्षित कार्यकर्ता, आणि अडचण आली तर फोन उचलणारे डॉक्टर. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेने 2015 पासून ‘होम अगेन’ या नावाने अशी घरे चालवली आहेत आणि वर्षानुवर्षे रुग्णालयात काढलेल्या स्त्रिया तेथे शेजारपाजार करून राहतात. व्यसनातून बाहेर पडलेल्यांसाठी अमेरिकेत 1975 मध्ये सुरू झालेल्या ‘ऑक्सफर्ड हाउस’ची रीत आणखी साधी आहे. तेथे वॉर्डन नसतो. राहणारेच किराया वाटून भरतात, आपल्यातून पदाधिकारी निवडतात, आणि जो पुन्हा प्यायला लागला त्याला घर सोडावे लागते.

हा शेवटचा नियम माझ्या गळी पूर्णपणे उतरत नाही. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘हाउसिंग फर्स्ट’ पद्धतीत नेमके उलट आहे. आधी घर, व्यसन सोडण्याची अट नाही. एक माणूस प्यायला तर उरलेले चार डळमळतात, हे मी जवळून पाहिले आहे, आणि घसरलेल्याला त्याच रात्री रस्त्यावर काढले तर तो परत येत नाही, हेही पाहिले आहे. त्या माणसाला काही दिवस उपचारासाठी दुसरीकडे ठेवावे, पण त्याची खाट राखून ठेवावी, असे मला वाटते. तज्ज्ञांचे मत वेगळे असू शकेल.

एक भीती मात्र सांगितली पाहिजे. ‘निवारा’ या नावाखाली शहराबाहेर शंभर खाटांची कुलूपबंद इमारत बांधली जाऊ नये. तामिळनाडूत एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले, ते अशाच नजरेआड केलेल्या जागेत.

महानगरपालिका शहरात बेघरांसाठी रात्र निवारे चालवते. तेथे येणाऱ्यांत असे बरे झालेले किती, एवढी पाहणी तरी तिने करावी. नागपूर सुधार प्रन्यासच्या मंजूर लेआउटमध्ये सार्वजनिक उपयोगासाठी भूखंड राखलेले असतात. त्यांपैकी एक-दोन या कामासाठी मिळावेत. आरोग्य विभागाने घरमालकाशी थेट करार करून किरायाची हमी घेतली, तर आमच्यासारख्यांना दारोदार खोटे बोलावे लागणार नाही. आणि फ्लॅट स्कीमच्या सोसायट्यांनी ‘फॅमिली ओन्ली’च्या पाटीमागे काय काय लपवले आहे, ते आपल्याच सभेत एकदा बोलून पाहावे. पाच वर्षांपूर्वी अशाच एका घराविरुद्ध आमच्या सोसायटीतून निवेदन गेले, तेव्हा त्यावर मीही सही केली होती.

या पत्राखाली माझे नाव छापू नये, ही विनंती. भावाला दारू सोडून आता चौदा महिने झाले आहेत आणि पुढच्या आठवड्यात आम्ही हुडकेश्वरला एक खोली पाहायला जाणार आहोत.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर