अर्थमंत्री मॅडम, किती मीटर ड्रिलिंग झालं एवढंच विचारतोय

माननीय निर्मला सीतारामन मॅडम,
नमस्कार.

अर्थ आणि कंपनी व्यवहार दोन्ही खाती तुमच्याकडे आहेत म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितोय. मी नागपूरचा, आयुष्यभर खनिजांच्या ड्रिलिंगच्या कामात होतो, रिटायर झाल्यावर एका छोट्या लिस्टेड एक्सप्लोरेशन (म्हणजे खनिज शोधणाऱ्या) कंपनीचे शेअर घेतले. या धंद्यात बोअरमागून बोअर मारूनही हाती काहीच लागत नाही असं होतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे खनिज सापडलं नाही म्हणून माझी काहीच तक्रार नाही, राग आहे तो शोधलंच नाही याचा.

मागच्या वर्षीच्या ॲन्युअल रिपोर्टमध्ये कोअर बॉक्सचा, म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेले दगडाचे लांबट तुकडे (कोअर) ओळीने ठेवायच्या पेटीचा, एक फोटो होता. यंदा "नव्या ब्लॉकमधील प्रगती" म्हणून परत फोटो टाकलाय, झूम करून बघितलं तर लाकडी ठोकळ्यांवर लिहिलेली खोली तीच आणि तिसऱ्या रांगेतला तुटलेला तुकडासुद्धा तोच! ज्याने कोअर कधी हातात धरला नाही त्याला तो नुसता दगडांचा डबा दिसणार, आणि बहुतेक शेअरहोल्डर तसेच असतात. वर्षभरात किती मीटर ड्रिलिंग झालं हा आकडा अख्ख्या रिपोर्टमध्ये कुठेही नाही. एमडींचा पगार मात्र वाढलाय, प्रमोटरना वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क, पण दिलेत, किमतीचे 25 टक्के आत्ता भरा बाकीचे 18 महिन्यांत.

एजीएम, म्हणजे शेअरहोल्डरची वार्षिक सभा, ऑनलाइन होती, बोलायचं तर आधी नाव नोंदवा, तेही केलं. मीटर किती आणि पैसा कुठे गेला एवढं विचारलं तर चेअरमन म्हणाले ईमेलने कळवू, पुढचा प्रश्न विचारायच्या आत म्यूट केलं, आणि ईमेल अजून यायचाय.

मॅडम, 2023 ला सरकारने एक्सप्लोरेशन लायसन्स आणलं, 2025 ला क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर केलं, दोन्ही चांगलीच पावलं आहेत, देशाला लिथियम आणि रेअर अर्थ लागणारच. पण त्या नावावर एक एमओयू (सामंजस्य करार) जाहीर झाला की शेअरला अप्पर सर्किट लागतं, म्हणजे भाव त्या दिवशीच्या वरच्या मर्यादेला भिडतो, आणि नंतर त्या एमओयूचं काय झालं हे कुणी सांगत नाही.

कायद्यात वाट आहे म्हणाल तर आहे, कंपनी कायद्याचं कलम 151. ज्यांच्याकडे 20,000 रुपयांपर्यंत दर्शनी किमतीचे शेअर आहेत असे 1,000 जण किंवा अशांपैकी एक दशांश, जे कमी असेल तेवढे जमले तर आपला एक डायरेक्टर सुचवता येतो. पण जमवायचं कसं? रजिस्टर बघायला गेलं तर पत्ता आणि ईमेल दाखवायचे नाहीत असा नियम आहे, नुसत्या नावावरून गावोगावची माणसं शोधायची कुठे? प्रायव्हसी मला कळते, पण मग आमची नोटीस कंपनीनेच सगळ्या शेअरहोल्डरना पाठवली पाहिजे, ही सक्ती तरी करा.

कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीने इंडोनेशियात बुसांगला प्रचंड सोनं असल्याचं सांगितलं होतं, 1997 ला कळलं की सॅम्पलमध्ये सोनं वरून मिसळलेलं होतं, लोकांचे पैसे बुडाले. त्यानंतर कॅनडात 2001 ला नियमच आला की खनिजाबद्दलची माहिती क्वालिफाइड माणसाच्या जबाबदारीवरच द्यायची. आपल्याकडेही 2019 मध्ये खनिजाची माहिती कशी जाहीर करायची याचा आयएमआयसी कोड तयार झालाय, तो नुसता कागदावर राहू देऊ नका.

शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीशी बोलून एवढं करा, जी लिस्टेड कंपनी स्वतःला एक्सप्लोरेशन कंपनी म्हणवते तिने दर तिमाहीला किती मीटर ड्रिलिंग केलं, कुठल्या ब्लॉकमध्ये केलं, किती सॅम्पल लॅबला गेले आणि जमिनीवर किती खर्च झाला, पगार-ऑफिसवर किती, हे जिऑलॉजिस्टच्या सहीने जाहीर करायचं. ड्रिलिंग शून्य असेल तर शून्य लिहायचं, आणि शून्य असताना एमडींचा पगार वाढवायचा असेल तर प्रमोटर सोडून बाकीच्यांचं मत घ्यायचं.

आपला,
एक छोटा शेअरहोल्डर, नागपूर