डांबरवाला अर्ल

चि. छोटू यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या रंगाच्या धंद्याचं निघालं, मी ‘दापोलीची जागा विकायची नाही’ म्हटलं आणि तू फोन ठेवलास. तो विषय इथे काढत नाही. तू स्कॉटलंडमधल्या कलरॉसचे फोटो पाठवलेस, त्यावरून तिथल्या आर्चिबाल्ड कॉक्रेनबद्दल, डंडोनल्डच्या नवव्या अर्लबद्दल (अर्ल म्हणजे तिकडचा सरदारकीचा किताब) वाचत बसले.

तुझ्याच जातकुळीचा निघाला. १७७८ मध्ये अर्ल झाला. घरात रोकड बेताची, पण जमिनीखाली कोळसा. आरमारात असताना लाकडी जहाजांचे तळ किडे कसे पोखरतात ते पाहिलेलं. म्हणून कोळशापासून डांबर काढलं, १७८१ ला पेटंट घेतलं. डांबर चोख होतं रे! पण आरमाराने डांबराऐवजी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. मग मीठ, सोडा, तुरटी, एकातून दुसरं. शेतीच्या रसायनशास्त्रावर १७९५ मध्ये पुस्तकही लिहिलं. कलरॉसची इस्टेट मात्र गेली, आणि १८३१ मध्ये पॅरिसला कफल्लक अवस्थेत वारला.

तुझा रंगही जहाजाच्या तळालाच लावायचा, म्हणून सांगते. विकत कोण घेणार, ते कुणी लेखी दिलंय का? नुसतं ‘आवडलं’ म्हणणारे शंभर भेटतात. जागा एकदा गेली की गेली. ताईच्या वेळचं तू पाहिलंयस.

बघ, लागलेच सुनवायला. राग मानू नकोस.

डांबराच्या भट्टीतून निघणारा वायू अर्ल गंमत म्हणून पेटवून दाखवायचा म्हणे. पुढे त्याच वायूच्या दिव्यांचं श्रेय विल्यम मर्डॉक नावाच्या इंजिनिअरला मिळालं. वाचताना तुझा सातवीतला प्रयोग आठवला. गॅलरीतला पडदा जळला, बाबांनी तुला बदडलं, आणि रात्री मला म्हणाले, ‘पोरगं डोक्याचं आहे.’ तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

त्या अर्लचा थोरला, थॉमस, आरमारात गाजला. चिली, ब्राझीलच्या आरमारांचंही नेतृत्व केलं. बापाचा किताब त्याला मिळाला, इस्टेट नाही. तू म्हणशील, बिघडलं कुठे? माझ्याकडे उत्तर नाही. पण नोकरी चालू ठेवून वर्षभर बघता येणार नाही का? आणि सगळीच नको, विहिरीकडची बाजू ठेवून काही जमतंय का?

बाबांना अजून बोलले नाही. रविवारी ते फिरून यायच्या आत फोन कर. थंडीचं कानाला बांधत जा.

तुझी,
आई