क्लच केबल जुळवून देणाऱ्या मिस्त्रीकाकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका यांस,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही छापू नये, अशी सक्त ताकीद आपण दिली आहे, म्हणून ते लिहीत नाही. मात्र आभार चारचौघांत मानू नयेत, असे आपण म्हणाला नव्हता, आणि त्या सवलतीचा फायदा घेऊन हे पत्र लिहीत आहे. मामांची १९६७ची फोक्सवॅगन बीटल आज पुण्याच्या रस्त्यावर गचका न खाता पहिल्या गिअरमध्ये उचलते, याचे श्रेय केवळ आपले आहे.

ज्यांनी बीटल खालून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स मागे असल्यामुळे क्लचच्या पेडलापासून निघालेली उघडी तार मधल्या टनेलमधील, म्हणजे गाडीच्या तळाच्या मधोमध असलेल्या पोकळ उंचवट्यातील, पोलादी नळीतून मागे जाते, टनेलच्या शेवटी बोडन ट्यूब नावाच्या लवचीक नळीत शिरते आणि गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाच्या लीव्हरला विंग नटने, म्हणजे हाताने पिळता येणाऱ्या पंखवाल्या नटने, धरली जाते. पुढच्या टोकाला पेडलच्या हुकात अडकणारा डोळा, मागच्या टोकाला आटे, इतकीच काय ती केबल. पण त्या दोन टोकांच्या मधला प्रत्येक भाग एकमेकांशी जुळलेला असावा लागतो, आणि नेमके हेच आम्हांला कोणी सांगितले नव्हते. जुनी केबल गंजून नळीतच तुटल्यावर ज्यांच्याकडून नवी घेतली, त्यांनी ‘सगळ्या बीटलला हीच बसते’ असे छातीठोकपणे सांगितले. ती बसवली, तेव्हा विंग नट आट्यांच्या शेवटापर्यंत पिळूनही पेडल अर्ध्यापर्यंत नुसतेच खाली जात होते, गिअर घालताना दात करकरत होते आणि गाडी उचलताना सर्वांग थरथरत होते. त्यावर एका गॅरेजने इंजिन उतरवून क्लच प्लेट बदलण्याचा सल्ला दिला. बीटलची क्लच प्लेट इंजिन उतरवल्याशिवाय हाती येत नाही, हे खरे. पण जे काम मोठे तेच आधी सुचवण्याची काही गॅरेजची रीत मला कधीच उमगलेली नाही.

आपण आलात आणि पान्याला हातही न लावता आधी मागची सीट उचलायला लावलीत. टनेलवर ठोकलेल्या चॅसी क्रमांकाची सुरुवात ११७ने होते, हे पाहून आपण सांगितले, की १९६५च्या मॉडेलपासून या क्रमांकातला तिसरा अंक मॉडेलचे वर्ष सांगतो, आणि कंपनीचे मॉडेल-वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होत असल्यामुळे नोंदणीपुस्तकातल्या तारखेवर सुटे भाग मागवू नयेत. मग गाडीखाली जाऊन गिअरबॉक्स निरखलात आणि तो गाडीचा मूळचा नाही, त्यावरची लीव्हर नंतरच्या मॉडेलची आहे, असा निर्वाळा दिलात. मामांनी तो कधी बदलला असेल, हे सांगायला आता घरात कोणी नाही. चॅसीप्रमाणे केबल मागवली असती तरी ती पुन्हा चुकलीच असती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. केबलच्या पार्ट नंबरमधला ७ने सुरू होणारा मधला गट म्हणजे पेडल आणि लीव्हर यांचा विभाग, आणि शेवटचे अक्षर म्हणजे नंतर झालेली सुधारणा, हेही आपण त्याच ओघात समजावलेत. त्या एका अक्षराकडे दुकानात कोणीही पाहिले नव्हते.

त्यानंतरची आपली मोजणी मी जन्मभर विसरणार नाही. तुटलेल्या केबलवर विसंबणे आपल्याला मान्य नव्हते, कारण वर्षानुवर्षे ओढली गेलेली तार ताणलेली असते. म्हणून आपण मला पेडल दाबायला बसवून टनेलमधली नळी मागच्या तोंडाशी बोटाने चाचपलीत. आतले जोड सुटलेले असते तर ती पुढेमागे सरकली असती, आणि मग कोणतीही केबल निरुपयोगी ठरली असती. ती पक्की आहे, याची खात्री झाल्यावर एक बारीक तार पुढून मागेपर्यंत घालून दोन्ही टोकांना खुणा केल्या, आणि डोळ्याच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत किती लांबी लागेल, ते जमिनीवर आखून दाखवलेत. आटे तर आपण थ्रेड गेजने, म्हणजे आट्यांचे माप जुळवून पाहण्याच्या दातेरी पट्टीने, तपासले, आणि नट हाताने दोन वेढे फिरतो एवढ्यावर समाधान मानू नये, असे बजावलेत.

खरा दोष मात्र बोडन ट्यूबमध्ये निघाला. ती आखूड होती आणि जवळजवळ सरळ ताणलेली होती. या नळीला मध्यभागी २५ ते ४५ मिलिमीटर झोल असावाच लागतो, कारण त्या वाकामुळे तारेला जे किंचित घर्षण मिळते, त्यानेच क्लच सावकाश धरतो. झोल कमी असेल तर गाडी थरथरते आणि फार असेल तर पेडल जड होऊन केबल लवकर तुटते. आपण आपल्या खणातली योग्य लांबीची ट्यूब आणलीत, ब्रॅकेटपाशी वॉशर घालून, दोन टोकांना पट्टी टेकवून झोल मोजलात आणि तो बरोबर येईपर्यंत वॉशर बदलत राहिलात.

नवी केबल घालताना आपण पुढे पालथे पडून टनेलमध्ये हात घातला होता आणि मी मागे आट्यांचे टोक पकडीने हलकेच ताणून धरले होते. ताण जरा सैल झाला, की डोळा पेडलच्या हुकावरून निसटायचा आणि आपण आतून ‘धर, सोडू नकोस’ असे ओरडायचात. पेडलचा स्टॉप घट्ट झाल्यावरच मला पकड सोडायची परवानगी मिळाली. शेवटी पेडलाला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल ठेवलीत; ती न ठेवल्यास पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग सतत टेकून राहते आणि क्लच घसरून जळतो, हे मी आता इतरांनाही सांगत असतो.

पुढे कधी इंजिन उतरवावे लागले, तर १९७१च्या मॉडेलपासून रिलीज बेअरिंग गाइड स्लीव्ह नावाच्या नळीवर सरकते आणि त्याला मधल्या कड्याशिवायची प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) लागते, ही आपली सूचना मी गाडीच्या वहीत लिहून ठेवली आहे. केबलची लांबी, ट्यूबची लांबी आणि वॉशरची जाडी यांची नोंदही त्याच पानावर आहे. आपण मजुरी घेतली नाहीत, ट्यूबचे पैसेही नाकारलेत. आपल्या खणातली जागा रिकामी राहू नये म्हणून तशीच नवी ट्यूब मागवली आहे; ती घेऊन येईन, तेव्हा कृपया परत पाठवू नये.

आपला कृतज्ञ,
एक बीटलमालक, पुणे