मंत्रीमहोदय, एकविसाव्या तासाला मी कोण असते?

माननीय मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

परदेशात शिकणाऱ्या मुलांची जबाबदारी आपल्या खात्याकडे येते, म्हणून आपल्याला लिहितेय. मागच्या वर्षी इथल्या एका मेळाव्यात आपल्याकडचे एक अधिकारी स्टेजवरून म्हणाले होते, अडचण आली तर रात्री-अपरात्री फोन करा. टाळ्या आम्हीच वाजवल्या. गेल्या मंगळवारी मी फोन केला.

झालं असं, की आमच्या विभागात संशोधक विद्यार्थ्यांच्या युनियनला पाठिंबा म्हणून सहीची कार्डं भरून घेणं चालू आहे. मी अमेरिकेत पीएचडीच्या चौथ्या वर्षाला, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. कॉरिडॉरमधल्या टेबलापाशी कार्डावर नाव लिहिलं आणि सहीच्या रेघेवर पेन थांबलं. सकाळीच माझे गाइड कॉफीचा कप पुढे सरकवत म्हणाले होते, "बाकीच्यांचं ठीक आहे, तुझं व्हिसाचं आहे. जपून." धमकी नव्हे बरं का, काळजी! फोनवर मी एवढंच विचारलं, की युनियनमध्ये जायला मला बंदी आहे का. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, शिकायला आलात ना? मग शिका की. कशाला या भानगडीत पडता?"

तर साहेब, तुमच्या माणसाला जमलं नाही ते उत्तर मीच देते. बंदी नाही. इथला श्रमसंबंध कायदा १९३५ चा, आणि त्यात नागरिकत्वाची अट नाही. २०१६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने मान्य केलं, की खाजगी विद्यापीठात शिकवणारे आणि संशोधन करणारे पगारी विद्यार्थी हे कामगारही आहेत. तेच मंडळ २००४ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या वेळी नाही म्हणालं होतं, आणि त्याआधी २००० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाबाबत हो. म्हणजे मंडळावरची माणसं बदलली की आम्ही कामगार, पुन्हा बदलली की नुसते विद्यार्थी. २०२५ मध्ये तर जवळजवळ वर्षभर मंडळाला निर्णय घेण्यापुरता कोरमच नव्हता. सरकारी विद्यापीठांची कथा राज्यागणिक वेगळी. कॅलिफोर्नियात २०२२ ला ४८,००० जण संपावर गेले; नॉर्थ कॅरोलायनात सरकारी नोकरांशी सामूहिक करार करायलाच कायद्याने मनाई.

एवढं मला माहीत आहे. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तुमच्याकडे ते पगार घेऊन बसलेल्यांना माहीत नसावं?

पण कागदावरचा हक्क आणि माझा हक्क यात व्हिसा उभा आहे. संपात पगार थांबला तर माझी अमेरिकन मैत्रीण संध्याकाळी कॅफेत काम धरेल. मला परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर एक तासही काम करता येत नाही. महिन्याला हातात येतात २,३०० डॉलर, भाडं १,२५०, आणि शिक्षणकर्जाचा हप्ता बाबांच्या पेन्शनमधून जातो. गेल्या हिवाळ्यात दाढ ठणकायला लागली. दात हा शरीराचा भाग नसतो, निदान आमच्या विम्यात नसतो, हे मला तेव्हा कळलं. लवंग दाढेखाली धरून दीडशे पोरांचे पेपर तपासले. एका बाजूने जेवायची सवय अजून गेलेली नाही. युनियनच्या मागण्यांत दातांचा विमा आहे. भानगड म्हणतात ती ही.

२०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविस या सरकारी यादीतल्या नोंदी एका झटक्यात रद्द झाल्या होत्या, काहींच्या तर वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्यांवरून. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्यावर त्या परत आल्या. पण ते आठवडे आम्ही रोज सकाळी दात घासायच्या आधी आपली नोंद जिवंत आहे का ते बघत होतो. अशा माणसाला "जपून" एवढं म्हटलं तरी पुरतं.

इथे आपले साडेतीन लाखांहून जास्त विद्यार्थी आहेत, निम्म्याच्या आसपास पदव्युत्तर. भाषणांत आम्ही देशाचे राजदूत. मग या राजदूतांसाठी एक पान छापा ना! युनियनमध्ये जाणं कायदेशीर आहे, कोणत्या राज्यात काय चालतं, संप झाला तर व्हिसाचं काय, आणि कुणी घाबरवलं तर दाद कुठे मागायची. आणि फोन उचलणाऱ्याला ते वाचायला लावा. बस्स.

होणार नाही, माहीत आहे मला. घरच्या संशोधकांना तरी तुमचं सरकार कुठे कामगार म्हणतं? कागदावर महिना ३७,००० रुपयांची फेलोशिप, आणि ती वेळेवर मिळावी म्हणून धरणं धरायचं. ट्रेड युनियनचा कायदा आपल्याकडे १९२६ मध्येच झाला, इथल्यापेक्षा नऊ वर्षं आधी. पण संशोधन करणारं पोर दिसलं की तुम्हा सगळ्यांना, इथल्यांना आणि तिथल्यांना, एकदम गुरुकुल आठवतं. लाकडं फोडा, पाणी भरा, मोबदल्याचं विचारू नका.

सही मी केली, हे सांगायचं राहिलं. मंगळवारीच, तुमच्या माणसाने फोन ठेवल्यावर.

आज शुक्रवार. टाइमशीट भरायची आहे. सत्र चालू असताना एफ-१ वाल्याला आठवड्याला २० तासांची मर्यादा, म्हणून २१ टाकलं की तो रकाना लाल होतो आणि पुढे जाऊ देत नाही. या आठवड्यात माझे ५३ झाले. आता २० लिहिते आणि लॅबमध्ये परत जाते, रात्रीचा प्रयोग लावायचाय.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी